नाश्त्यापूर्वी एक गोळी : पूर्व भागातलं एक प्रकरण

वय ५२, विडी कामगार, मधुमेह, वारंवार चक्कर. मे महिन्यातल्या त्या दुपारपर्यंत माझ्या नोंदीत या बाईंची ओळख एवढीच होती. त्यातला मधुमेह चुकीचा निघाला आणि चक्करही. मधुमेहाचा शिक्का पहिल्यांदा दुसऱ्या कुणी मारला होता हे खरं, पण तो मी पुढे चालवला आणि गोळी वाढवलीसुद्धा. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढतो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गल्लीत त्यांना सगळे अक्का म्हणतात, मीही तेच म्हणतो. राहायला सोलापूरच्या पूर्व भागात, विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत. पती यंत्रमागावर कामाला होते, ते काही वर्षांपूर्वी गेले. मुलगा शिकला, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत लागला, तिकडेच संसार आहे. आईनं पुण्याला यावं म्हणून तो मागे लागलेला असतो. अक्का जात नाहीत. पुण्यात बोलायला कोण आहे, असं त्यांचं म्हणणं. घरी तेलुगू, कामापुरतं मराठी. पूर्व भागात हे नेहमीचंच. पद्मशाली समाजाची मंडळी तेलंगणातून इथं मागावर आली, त्यालाही आता पिढ्या लोटल्या. पुरुष मागावर, बाया विडीवर, अशी अनेक घरांची रीत पडली.

विडीचं काम ज्यांनी जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण या प्रकरणाचं मूळ तिथंच आहे. कारखान्यातून पानं आणि तंबाखू मोजून मिळते. पानं भिजवायची, कापायची, मांडीवर सूप घेऊन वळायची, दोऱ्यानं बांधायची आणि तयार माल कारखान्यात नेऊन द्यायचा. तिथं तो तपासला जातो, वाईट वळलेल्या विड्या बाजूला पडतात. मजुरी ठरते हजार विड्यांवर. हजार भरायला जवळजवळ सगळा दिवस जातो. म्हणजे उठून स्वयंपाक केला, बसून जेवलं, की तेवढ्या विड्या कमी. अक्कांचं सकाळचं खाणं म्हणजे सहाला एक कप चहा. जेवण दोनला, कधी अडीचला.

पहिला कागद नोव्हेंबरातला. मुलानं पुण्यात बसून आईसाठी तपासण्यांचं पॅकेज घेतलं. घरी येऊन रक्त घेतलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या फोनवर अहवाल आला. आईच्या काळजीपोटी खर्च करणाऱ्या या मुलाला मी कधीच दोष देणार नाही. अहवाल १८ पानांचा होता. पहिल्या पानावर रंगीत सारांश आणि त्यात लाल चौकटीत एचबीए१सी ७.१. हा आकडा साधारण गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देतो आणि ६.५ किंवा त्याहून जास्त आला तर मधुमेह मानतात. त्याच अहवालात उपाशीपोटीची साखर ९८ होती, म्हणजे अगदी नॉर्मल. आणि अकराव्या पानावर, कितीतरी ओळींच्या गर्दीत, हिमोग्लोबिन ७.९ होतं, म्हणजे फारच कमी.

मुलानं त्याच संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर एका डॉक्टरांचा सल्ला घेतला. पडद्यावर तिघं होते. डॉक्टर एका शहरात, मुलगा पुण्यात, आई सोलापुरात. भारतात दूरसल्ल्याचे नियम २५ मार्च २०२० ला, कोरोनाच्या पहिल्या टाळेबंदीत आले आणि त्या दिवसांत त्यांनी फार मोठी सोय केली. माझेही कितीतरी रुग्ण त्या काळात फोनवरच सांभाळले गेले. अक्कांना ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी मिळाली, सकाळी नाश्त्यापूर्वी एक. आई विसरू नये म्हणून मुलानं तिच्या फोनमध्ये रोज सकाळी आठचा गजर लावून दिला.

फेब्रुवारीत तो आईला घेऊन माझ्याकडे आला. तीन महिने झाले होते, नवा एचबीए१सी होता ७.४, उपाशीपोटी ९२. त्याच्या फोनवर मी अहवालाचं पहिलं पान पाहिलं. आकडा वाढलेला दिसला. उपाशीपोटीची साखर इतकी चांगली आणि तीन महिन्यांची सरासरी वाईट, हे विसंगत आहे असं मनात आलं होतं. पण त्याला मी लगेच एक उत्तर देऊन टाकलं : जेवणानंतरची साखर वाढत असणार, भात खातात. ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम केलं. बाहेर पंचवीसेक माणसं बसलेली होती. अक्कांना मी त्या दिवशी हात लावला तो फक्त रक्तदाबाचा पट्टा बांधायला.

मार्चअखेर अक्का न्हाणीत पडल्या. शेजाऱ्यांनी साखर-मिठाचं सरबत पाजून रिक्षात घातलं आणि एका रुग्णालयात नेलं. पोचेपर्यंत त्या बऱ्याचशा सावरल्या होत्या. साखर तपासली, १३२ आली. मग मेंदूचा एमआरआय, मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर, ईसीजी, इको. सगळं ठीक. दोन दिवसांनी घरी सोडलं तेव्हा निदान होतं ‘चक्कर’ आणि त्यासाठी बीटाहिस्टिनच्या गोळ्या होत्या. मधुमेहाचं औषध पूर्वीप्रमाणे चालू. शेवटच्या ओळीत लोहाची गोळी, रोज एक. ती अक्कांनी आठवड्यात सोडली, पोटात ढवळत होतं.

त्या डिस्चार्ज कार्डाचं एक पान मी अजून जपून ठेवलं आहे. वरच्या अर्ध्या भागात शारीरिक तपासणी : ‘फिकटपणा नाही, कावीळ नाही, सूज नाही.’ खालच्या अर्ध्या भागात रक्ताचा तक्ता : हिमोग्लोबिन ७.६. एकाच पानावर, मध्ये जेमतेम चार बोटांचं अंतर.

फिकटपणा डोळ्यांना दर वेळी कळतोच असं नाही. हिमोग्लोबिन १० किंवा ११ असताना अनुभवी माणूसही चुकतो. पण ७.६ असताना पापणी खाली ओढून पाहिली तर बहुतेकदा दिसतं. ती पापणी कुणी ओढलीच नव्हती. ‘फिकटपणा नाही’ हे वाक्य कुठल्या डॉक्टरनं लिहिलेलं नाही, ते संगणकाच्या साच्यात आधीपासूनच भरलेलं असतं. रुग्णाचं नाव टाकलं की तपासणी आपोआप होऊन छापून येते. कागदावर लिहीत होतो तेव्हा, न केलेल्या तपासणीची जागा निदान कोरी तरी राहायची आणि पुढच्या डॉक्टरला कळायचं की इथं कुणी पाहिलेलं नाही. आता ती कोरी जागाच उरलेली नाही. मला या प्रकरणातली सर्वांत धोक्याची गोष्ट हीच वाटते, एमआरआयच्या खर्चापेक्षाही. आणि हे त्या एका रुग्णालयाबद्दल नाही. माझ्या दवाखान्यातल्या संगणकातही तोच साचा होता. फेब्रुवारीतली माझी नोंद नंतर उघडून पाहिली. ‘फिकटपणा नाही.’

आता मे महिना. सोलापूरचा मे. सकाळी अकरालाच रस्ता ओस पडतो. अक्का दहा वाजता येऊन बसल्या होत्या, बरोबर मुलगा नव्हता, शेजारच्या बाई होत्या. सगळे अहवाल मुलाच्या फोनमध्ये, आणि तो कामात असल्यामुळे फोन उचलत नव्हता. माझ्याकडे पाहण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांचा नंबर यायला साडेबारा झाले. खुर्चीवर बसल्या तेव्हा कपाळावर घाम होता. उन्हाळा आहे, येणारच, असं मला वाटलं.

शेजारीण आमच्यामध्ये दुभाष्याचं काम करत होत्या. मी विचारलं, काय होतंय? अक्का बरंच काही बोलल्या. चांगला अर्धा मिनिट. शेजारणीनं मराठीत सांगितलं, “चक्कर म्हणत्यात.”

अर्ध्या मिनिटाचं एक शब्दात भाषांतर झालं, हे तेव्हा मला पहिल्यांदा खटकलं. याआधी मुलगाही असंच करत असणार, रुग्णालयातही असंच झालं असणार. मी म्हटलं, “त्या जे बोलल्या ते सगळं सांगा, मोठं असलं तरी चालेल.” शेजारीण थोड्या गोंधळल्या, मग एकेक शब्द घेऊन सांगू लागल्या. ‘कळ्ळु तिरुगुतुन्नायि’, म्हणजे डोळे फिरतात, ही झाली चक्कर. पण त्याच्याआधी अक्का ‘वणुकु’ म्हणाल्या होत्या. हातांना कापरं भरतं, विडी वळता येत नाही. आणि ‘चेमटलु’. घाम सुटतो, गार घाम, हिवाळ्यातसुद्धा.

कापरं आणि गार घाम. वैद्यकाच्या तिसऱ्या वर्षातल्या मुलालाही हे दोन शब्द दिले तर तो विचारेल, साखर पाहिली का? सहा महिने तेलुगूत सांगितलेलं मराठीत येताना गळत होतं आणि केसपेपरवर ‘चक्कर’ एवढंच उरत होतं.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या सोलापूरचे, जन्म १९१०. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले, वय अवघं ३२. त्यांच्या त्यागाबद्दल आपण नेहमी बोलतो. मला अलीकडे त्यांच्याबद्दल वेगळंच काही आठवत राहतं : ते तिथं चिनी शिकले, रुग्णांशी आणि विद्यार्थ्यांशी त्यांच्या भाषेत बोलू लागले. चार-साडेचार वर्षांत, युद्ध चालू असताना. मी पूर्व भागात १९ वर्षं दवाखाना चालवतो आहे आणि ‘वणुकु’ हा शब्द मला माहीत नव्हता.

शेजारीण पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढत होत्या. मी त्यांना थांबवलं. “आधी एक थेंब रक्त घेऊ, मग लगेच द्या.” टेबलावरच्या ग्लुकोमीटरवर आकडा आला ४७. शिरेतलं रक्तही घेतलं आणि मग पाण्यात तीन चमचे साखर घालून पाजली. पंधरा मिनिटांनी मीटरवर ८३. घाम थांबला, हात स्थिर झाले, अक्का माझ्याकडे बघून हसल्या. लक्षणं, त्याच वेळी कमी साखर, आणि साखर दिल्यावर लक्षणं जाणं : व्हिपल नावाच्या शल्यचिकित्सकानं १९३० च्या दशकात सांगितलेली ही तीन पायऱ्यांची कसोटी समोर बाकावरच पूर्ण झाली. प्रयोगशाळेत शिरेतल्या रक्ताची साखर ४१ आली. मीटरपेक्षा कमी, आणि त्यालाही कारण आहे. रक्तात लाल पेशी कमी असतील तर बऱ्याच ग्लुकोमीटरवर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. ७० च्या खाली गेली की साखर कमी म्हणतो आपण, आणि ५४ च्या खाली ती गंभीर.

मार्चमध्ये हे का सापडलं नाही तेही आता उघड होतं. शेजाऱ्यांनी पाजलेल्या सरबतानं अक्कांना वाचवलं आणि पुरावाही पुसला. त्या शेजाऱ्यांचं काहीच चुकलेलं नाही. शुद्ध हरपत चाललेल्या पण गिळता येणाऱ्या माणसाला साखर देणं हेच बरोबर. कुणीतरी फक्त एवढं विचारायला हवं होतं की इथं आणण्याआधी काय पाजलंत?

मग मी खुर्ची पुढे ओढली. पापणी पाहिली, आतून पांढरीफटक. तळहाताच्या रेषाही पांढऱ्या. नखं मधोमध खोलगट, चमच्यासारखी. विडीची टोकं दुमडून दुमडून या बायकांची नखं झिजतातच, त्यामुळे कामानं झालं असेल म्हणून सोडून देणं सोपं असतं. पण झिजलेलं नख आणि चमच्यासारखं नख यात फरक आहे, आणि तो हातात हात घेतल्याशिवाय दिसत नाही. शेजारणीला विचारलं, खाण्यापिण्यात काही वेगळं? त्या अक्कांकडे बघून हसल्या, “सांगू का? दिवसभर कच्चे तांदूळ चघळतीय. सुपाच्या कडेला वाटीच असती.” अक्कांनी पदर तोंडाला लावला. कच्चे तांदूळ, माती, पाटीवरची पेन्सिल, बर्फ. लोह कमी झालेल्या माणसाला अशा गोष्टींची ओढ लागते. लोक याला वाईट सवय समजतात आणि बाया लपवतात.

आणखी एक प्रश्न मी असाच विचारला आणि त्यानं सगळं जुळलं. हे कधी कधी होतं? शेजारीण म्हणाल्या, “पाणी येतंय त्या दिवशी.”

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे इथल्या माणसाला सांगायला नको. चार-पाच दिवसांआड येतं, कधी पहाटे, कधी अवेळी. पाण्याच्या दिवशी अक्का चारला उठतात, भांडी, पिंप, टाकी भरतात, जिन्यावरून ने-आण करतात. सगळं होईपर्यंत आठ वाजतात. आठला फोन वाजतो. मुलानं सांगितलंय म्हणून अक्का गोळी घेतात, एकही दिवस चुकवत नाहीत. मग राहिलेल्या विड्या भरून काढायला सुपापुढे बसतात, कारण पाण्यात गेलेला वेळ मजुरीत कुणी धरत नाही. दोन वाजेपर्यंत पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नाही.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. घेतल्यापासून दोन-तीन तासांत ते जोरावर येतं आणि त्याचा अंमल दिवसभर टिकतो. पोटात अन्न आहे की नाही हे त्या गोळीला कळत नाही. म्हणूनच तिच्या पाकिटावर ‘नाश्त्यापूर्वी’ लिहिलेलं असतं. पण त्या शब्दात गृहीत आहे की नाश्ता असतो. डॉक्टरांच्या घरी असतो, पुण्याच्या फ्लॅटमध्ये असतो, औषधाची माहितीपत्रकं जिथं लिहिली जातात तिथंही असतो. विडी घरकुलातल्या कितीतरी घरांत नसतो. मी १९ वर्षांत हजारो वेळा ‘नाश्त्यापूर्वी’ लिहिलं असेल, आणि नाश्ता करता का, हे फार थोड्यांना विचारलं असेल.

राहिला प्रश्न त्या ७.१ चा. प्रयोगशाळेनं चूक केली नव्हती. आकडा बरोबर मोजला गेला होता, त्याचा अर्थ चुकला होता.

एचबीए१सी म्हणजे लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचं प्रमाण. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढे दिवस साखरेच्या संगतीत राहते. सोलापूरच्या माणसाला हे रंगखात्यातल्या उदाहरणानं पटकन समजेल. सुताची लडी रंगाच्या हौदात नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिली तर रंग गडद चढतो, हौदातला रंग काही दाट झालेला नसतो. लोह कमी असलं की शरीराकडून नव्या पेशी कमी तयार होतात, रक्तात जुन्या पेशींचा भरणा राहतो, आणि जुन्या पेशीवर साखर जास्त चढलेली असते. साखर तीच, आकडा मात्र वाढलेला. ताजा मोठा रक्तस्राव झाला, रक्त चढवलं, किंवा पेशी वेळेआधी फुटत असतील, तर याच्या उलट आकडा खोटा कमी येतो. अशा रुग्णांत मधुमेहाचं निदान एचबीए१सीवर करू नये, थेट रक्तातल्या साखरेवर करावं, हे आम्हा सगळ्यांना शिकवलेलं असतं.

इथं एक बारकावा आहे. लक्षणं नसतील तर एका तपासणीवर मधुमेह ठरवू नये, ती पुन्हा करून खात्री करावी, असा नियम आहे. अक्कांच्या बाबतीत तो पाळला गेल्यासारखा दिसतो. नोव्हेंबरात ७.१, फेब्रुवारीत ७.४, दोन्ही ६.५ च्या वर. नियम अक्षरशः पाळला गेला आणि निदान तरीही चुकलं, कारण दोन्ही वेळा मोजमाप त्याच बिघडलेल्या रक्तावर झालं. आकडा वाढत होता तो मधुमेह वाढत होता म्हणून नाही, लोह आणखी कमी होत होतं म्हणून. आणि मी त्या वाढीवर उतारा म्हणून गोळी दुप्पट केली.

हे दुर्मीळ प्रकरण असतं तर एवढं लिहिलं नसतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत. हे दोन घोळके एकमेकांत किती मिसळलेले असतील याचा विचार करा. माझ्यापुढे रोज बसणाऱ्या बायकांमध्ये दोन्हींची शक्यता असलेल्या कितीतरी असतात. एचबीए१सी कागदावर पाहिला की त्याच कागदावर हिमोग्लोबिन शोधायचं, याला पैसाही लागत नाही.

त्या दिवशी ग्लिमेपिराइड बंद केलं. या गोळीनं कमी झालेली साखर एकदा वर येऊन पुन्हा घसरू शकते, म्हणून अक्कांना एक रात्र देखरेखीखाली ठेवलं. मूत्रपिंडांचं काम तपासलं, ते चांगलं होतं. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारा आकडा, अपेक्षेप्रमाणे अगदी कमी. मग खरा प्रश्न, लोह जातंय कुठं?

हा प्रश्न मी शेजारणीला बाहेर पाठवून, माझ्याकडच्या तेलुगू बोलणाऱ्या नर्सला बसवून विचारला. चार वर्षांपासून पाळी फार जास्त जात होती. सात-आठ दिवस, गाठी पडून. ‘जायची वेळ आली की असंच होतं’ असं सगळ्या म्हणाल्या, म्हणून कुणाला सांगितलं नाही. मी विचारलं, व्हिडिओवरच्या डॉक्टरांना? अक्का नर्सकडे बघून काहीतरी म्हणाल्या. नर्सनं सांगितलं, “मुलगा फोनवर होता ना सर.”

पडद्यावर तिघं होते असं मी वर लिहिलं ते यासाठी. दूरसल्ल्यात अंतराचा विचार झाला, एकांताचा झाला नाही. माझ्याकडे फेब्रुवारीतही मुलगा शेजारी बसला होता, तेव्हा माझ्या खोलीतही एकांत नव्हता. आईला घेऊन येणाऱ्या मुलाला ‘तुम्ही जरा बाहेर बसा’ म्हणायला मला अवघड वाटत आलं आहे. त्याला अपमान वाटेल असं वाटतं. आता म्हणतो. आजवर कुणाला वाईट वाटलेलं दिसलं नाही.

सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली. या वयात अस्तराचा तुकडा तपासणं भाग असतं, तो स्त्रीरोगतज्ज्ञांनी घेतला, कर्करोग नव्हता. शौचातून रक्त जात नाही याचीही खात्री केली. गोळ्या सोसत नव्हत्या म्हणून लोह शिरेतून दिलं. सहा आठवड्यांत हिमोग्लोबिन १०.८ झालं. रक्तस्राव थांबवण्यासाठी गर्भाशयात संप्रेरक सोडणारं साधन बसवलं, शस्त्रक्रिया तूर्त टळली. तांदळाची वाटी तिसऱ्या आठवड्यात आपोआप सुपाजवळून गेली. हे मला शेजारणीनंच सांगितलं.

साखरेचं काय? ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून चाचणी केली. उपाशीपोटी ९४, दोन तासांनी १५२. दोनशेच्या वर मधुमेह, १४० च्या आत नॉर्मल, म्हणजे अक्का मधल्या पट्ट्यात आहेत. पुढे मधुमेह होऊ शकतो, आज नाही. एचबीए१सी मुद्दाम लगेच केला नाही. लोह दिल्यावर नव्या पेशींची लाट येते आणि आकडा खोटा खाली जातो. रक्त स्थिरावू दिलं, सहा महिन्यांनी केला. ६.०.

मुलाला मी फोन करून सगळं सांगितलं, माझ्या फेब्रुवारीतल्या चुकीसकट. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सर, अकरावं पान मी उघडलंच नव्हतं.” मी त्याला म्हटलं, ते उघडणं तुमचं काम नव्हतं, आमचं होतं. तो संगणकातला माणूस. त्यानंच नंतर विचारलं, पहिल्या पानावर काय यावं हे कोण ठरवतं? मला उत्तर देता आलं नाही, पण प्रश्न अगदी मुळावरचा आहे. अहवालात ७.९ लपवलेलं नव्हतं. छापलेलं होतं, लालही होतं. फक्त साखरेला पहिलं पान मिळालं आणि रक्ताला अकरावं, आणि आमच्यापैकी प्रत्येकानं पहिल्या पानालाच आजार मानलं.

माझ्या दवाखान्यातल्या प्रणालीतून आधीच भरलेली वाक्यं मी काढून टाकली. सॉफ्टवेअरवाल्या मुलाला आश्चर्य वाटलं, सगळे डॉक्टर जास्त वाक्यं भरून मागतात म्हणाला. आता तपासणीची चौकट कोरी उघडते आणि मी काही केलं नसेल तर कोरीच राहते. संध्याकाळी नोंदी चाळताना किती चौकटी कोऱ्या आहेत ते दिसतं. पहिल्या महिन्यात ते पाहणं जड गेलं. रोज साठ-सत्तर रुग्ण पाहताना प्रत्येकाची पापणी, हात, पाय पाहणं मला अजूनही जमत नाही, आणि जमतं असा दावा मी करणार नाही. पण कुणाची पाहिली नाही हे आता मला माहीत असतं.

ग्लुकोमीटर, शिरेतून देण्याचं लोह, सोनोग्राफी, ते साधन. अक्कांना बरं केलं ते यंत्रांनी आणि औषधांनीच, आणि त्यातलं बरंचसं माझ्या विद्यार्थिदशेत सोलापुरात मिळतही नव्हतं. पुण्याहून रक्ततपासणी घडवून आणता आली नसती तर ७.९ हा आकडा कुठल्याच पानावर आला नसता. यंत्रांविरुद्ध माझी तक्रार नाही. हात लावण्याआधीच निदान लागलेलं असतं आणि मग हात लावायची गरज कुणालाच वाटत नाही, या उलट्या क्रमाची मला भीती वाटते. फेब्रुवारीत माझ्यापुढे बसलेल्या बाईंच्या तळहातावर सगळं लिहिलेलं होतं आणि मी त्यांच्या मुलाचा फोन वाचत होतो.

‘नाश्त्यापूर्वी’ हा शब्द मी अजून लिहितो, पण त्याआधी विचारतो, सकाळी पहिला घास कधी? ज्यांचा पहिला घास दोनला असतो त्यांना ही गोळी देत नाही. दुसरी औषधं आहेत, ती उपाशी माणसाची साखर अशी खाली ओढत नाहीत.

नर्सकडून रोज दोन-तीन शब्द शिकतो. उच्चार चुकतात, बाया हसतात, मग स्वतःच दुरुस्त करतात आणि त्यानंतर जरा जास्त बोलतात.

परवा अक्का तपासायला आल्या. हिमोग्लोबिन १२.१. पापणी गुलाबी. मे नंतर एकदाही कापरं भरलेलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून गेला होता. मी विचारलं, “तिन्नारा?” जेवलात का?

“इंका लेदु,” त्या म्हणाल्या. अजून नाही. आज पाणी आलं होतं, आणि हजार भरायला अडीचशे बाकी होत्या.